टीबी गेला, पोकळी राहिली

द्राक्षबाग करणाऱ्याला बुरशी म्हणजे काय हे कुणी शिकवावं लागत नाही. फळछाटणी झाली की माल उतरेपर्यंत तिच्याशीच मारामारी. पाऊस लागला की डाऊनी, ढगाळ हवा पडली की भुरी. आमच्या तासगाव भागात चहाच्या टपरीवर राजकारणानंतर सगळ्यात जास्त बोलणं होतं ते कोणत्या औषधाला भुरी आटोक्यात आली यावर. पण बुरशी माणसाच्या छातीतही मुक्काम ठोकते, आणि वर्षानुवर्षं टीबीच्या नावावर खपून जाते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तेही स्वतःच्या छातीत झाली म्हणून.

२०१३ साली मला टीबी झाला होता. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात. तेव्हा डॉट्सच्या गोळ्या रोज नसायच्या, आठवड्यातून तीनदा उपकेंद्रावर जाऊन समोर बसून गिळायच्या. सहा महिन्यांचा कोर्स नेमानं पुरा केला, थुंकी तपासली, जंतू नाहीत, कार्डावर 'बरा झाला' असा शेरा पडला. तो शेरा खोटा नव्हता. टीबी गेलाच होता. पण जिथे तो होता तिथे साडेतीन सेंटिमीटरची पोकळी राहिली होती आणि कार्डावर पोकळीचा रकाना नव्हता. औषध संपल्यावर एक एक्स-रे काढून 'तुमच्या फुप्फुसात जागा रिकामी राहिली आहे, पुढे थुंकीत रक्त दिसलं तर असं असं करा' एवढं कुणी सांगितलं असतं तरी पुढचे बरेच हाल वाचले असते. माझं या सगळ्यात एक ठाम मत झालंय ते हेच. टीबीचा रोगी औषध संपलं की सरकारदरबारी संपतो. त्याचं फुप्फुस मात्र त्याच्याजवळच राहतं.

सात वर्षं काही झालं नाही. मग सकाळच्या बेडक्यात कधीतरी तांबूस रेघ दिसायला लागली. दोन-चार दिवस यायची, आपोआप जायची. करोनाचं वर्ष होतं, खोकला आहे असं चारचौघांत म्हणायचीही चोरी. पुढे वजन उतरायला लागलं. पट्ट्याला नवीन भोकं पाडावी लागली. बागेतनं एक फेरी मारली तरी बांधावर बसावं वाटायचं. गावाकडच्या दवाखान्यात एक्स-रे काढला, तर वरच्या भागात डाग. डॉक्टरांनी जुना कागद बघितला, डाग बघितला आणि म्हणाले, "टीबी उलटलाय." थुंकी तपासायला गेली, जंतू नाहीत. सीबीनॅट, म्हणजे टीबीचे जंतू शोधणारी मशीनवरची तपासणी केली, तीही निगेटिव्ह. "कधी कधी सापडत नाही," असं म्हणून गोळ्या सुरू झाल्या. परत लघवी केशरी, परत जेवणावरची वासना उडाली, परत घरात माझं ताट-पेला वेगळा. फरक एकच होता. पहिल्या वेळी दोन महिन्यांत वजन भरायला लागलं होतं, या वेळी ते उतरतच राहिलं.

मोठा प्रसंग घडला तो बेदाण्याच्या सीझनमध्ये, शेडवर. डिपिंगचा माल, म्हणजे द्रावणात बुडवून काढलेली द्राक्षं, रॅकवर टाकायचं काम चाललं होतं. घशात गरम, खारट काहीतरी आलं म्हणून बाजूला जाऊन थुंकलो, तर लालभडक, फेसाळ रक्त. थुंकी नावालाही नाही. परत खोकला, परत तेच. शेडवरच्या बाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला तो नुसता लाल झाला. पुतण्यानं गाडी काढली. मिरजेच्या रस्त्यानं जाताना त्यानं ओळखीच्या नर्सला फोन लावला. तिनं विचारलं, जुना आजार कुठल्या बाजूला होता? उजव्या. मग उजव्याच कुशीवर झोपवा, म्हणाली. मला तेव्हा उलटं वाटलं, पण कारण साधं आहे : रक्त येतंय ती बाजू खाली ठेवली की ते चांगल्या फुप्फुसात उतरत नाही. अशा वेळी धोका रक्त कमी होण्याचा कमी आणि श्वास कोंडण्याचा जास्त असतो. हे ज्याच्या घरात जुना टीबीचा माणूस आहे त्यानं ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

दवाखान्यात रक्त थांबायचं इंजेक्शन, ऑक्सिजन आणि दुसऱ्या दिवशी सीटी स्कॅन. छातीच्या डॉक्टर मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी स्क्रीनवर फोटो लावून मला आणि बायकोला दोघांनाही दाखवला. फुप्फुसात काळं भोक, त्यात खाली बसलेला पांढरट गोळा आणि गोळ्याच्या वर हवेची बारीक चंद्रकोर. मग मला पालथं झोपवून काढलेला दुसरा फोटो लावला. गोळा जागेवरनं हलून दुसऱ्या बाजूला गेलेला. खुळखुळ्यात खडा असावा तसा तो त्या पोकळीत सुटा होता.

"काका, हा टीबी नाही. ही बुरशी आहे. ॲस्परजिलस."

बायको शेजारीच उभी होती. २०२१मध्ये करोनानंतरच्या काळ्या बुरशीनं, म्हणजे म्युकरनं, आमच्या ओळखीच्या एकाचा डोळा काढावा लागला होता, तेव्हापासून बुरशी म्हटलं की आमच्या घरात एकच नाव. "अहो मॅडम, म्युकर का?" तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मॅडमनी समजावलं की म्युकर वेगळी आणि ही वेगळी. म्युकर दिवसांत पसरते. ही माझ्यासारख्याच्या पोकळीत वर्षानुवर्षं हळूहळू वाढते, भोवतालचं फुप्फुस पोखरते. शिवाय ही एकापासून दुसऱ्याला लागत नाही. हे ऐकल्यावर हिनं पहिलं काम काय केलं असेल, तर घरी फोन करून माझं ताट इतरांच्या ताटांत ठेवायला सांगितलं.

ती आली कुठून, हा आमचा पुढचा प्रश्न. उत्तर ऐकून गंमतही वाटली आणि थोडी चीडही आली. ती सगळीकडे असते. हिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे, म्हणजे नाकाच्या केसांना चुकवून थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जाणारे. प्रत्येक माणूस रोज ते शेकड्यांनी आत घेतो आणि धडधाकट फुप्फुस ते साफही करतं. पोकळीत मात्र ती सफाई पोचत नाही. बीजाणू पडला, ओल मिळाली, ऊब मिळाली, रुजला. कुजत्या काडीकचऱ्याच्या ढिगात आत हात घातला तर चटका बसतो ना, तेवढ्या म्हणजे पन्नास अंशांच्या उष्णतेतही ही तगून राहते. तिला आपल्या अंगातले सदतीस अंश म्हणजे काहीच नाही. मी विचारलं, "मी शेणखत, कंपोस्ट उलटतो, त्यानं झालं का?" मॅडम म्हणाल्या, तसं बोट ठेवून सांगता येणार नाही, पण इथून पुढे कंपोस्टचा ढीग, भिजलेला कडबा आणि धूळ यांपासून लांब राहा.

निदान पक्कं करायला ॲस्परजिलस आयजीजी, म्हणजे या बुरशीविरुद्ध रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांची तपासणी केली. ती बऱ्याच पटींनी वाढलेली निघाली. दुर्बीण घालून फुप्फुसातलं पाणी काढलं आणि लॅबमध्ये वाढवायला ठेवलं. चार-पाच दिवसांनी मी हट्टच धरला की मला ती बघायची आहे. लॅबच्या डॉक्टरांनी बंद झाकणाची, चिकटपट्टी लावलेली काचेची थाळी आणून दाखवली. कडेला पांढरा कापूस, मध्ये धुरकट निळसर-हिरवी मखमल. झाकण उघडू दिलं नाही, ते बरोबरच. मग सूक्ष्मदर्शकात डोळा लावायला दिला. एक सरळ देठ, टोकाला फुगलेला गड्डा आणि त्या गड्ड्यावरून वर निघालेल्या गोल मण्यांच्या माळा. भुरीचे बीजाणू मी कृषी खात्याच्या शिबिरात भिंगाखाली बघितलेत. तेही असेच माळेनं असतात. लॅबच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही ॲस्परजिलस फ्युमिगॅटस. हिचीच एक बहीण, नायगर, कांद्याच्या पापुद्र्यावर काळी भुकटी होऊन बसते. दुसरी, फ्लेव्हस, भिजलेल्या शेंगदाण्यावर आणि मक्यावर येते आणि तिथे विष तयार करते. ऊसतोडीत डोळ्याला पात लागली आणि बुबुळावर पांढरा ठिपका आला, तर त्यातही कधी कधी हेच कूळ सापडतं. म्हणजे शेतकऱ्याच्या घरात ही सगळी भावंडं आधीच नांदत होती, ओळख आत्ता झाली.

बुरशीच्या गोळ्यापर्यंत औषध फारसं पोचत नाही, कारण त्याला रक्तपुरवठाच नसतो. कापून तेवढा भाग काढणं हा खरा उपाय. पण माझी फुंकर मारायची तपासणी केली तर फुप्फुसाची ताकद कमी भरली, वरून टीबीमुळे फुप्फुस बरगड्यांना चिकटलेलं. सर्जननी फोटो बघून सरळ सांगितलं, यात रक्तस्राव फार होईल आणि बुरशी छातीच्या पोकळीत सांडली तर नवंच लचांड. तो विषय तिथेच संपला.

रक्त मात्र पुन्हा येऊ नये म्हणून रक्तवाहिनी बंद करायची ठरली. ही प्रक्रिया नीट सांगतो, कारण नाव ऐकून माणूस घाबरतो. भूल फक्त जांघेत, तीही सुईची. माणूस पूर्ण जागा. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर छातीपर्यंत नेतात आणि डाय, म्हणजे स्क्रीनवर धमन्या दिसाव्यात म्हणून एक द्रव, सोडतात. डाय गेली की छातीत आणि तोंडात ऊन लागल्यासारखी धग उठते आणि खोकल्याची उबळ येते. ती दाबून धरायची. समोरच्या स्क्रीनवर मला माझ्या धमन्या दिसत होत्या. एरवी दोऱ्याएवढी असायची ती धमनी पोकळीला रक्त पुरवून पुरवून जाडजूड आणि वेडीवाकडी झालेली. मग नळीतून प्लॅस्टिकसारखे बारीक कण सोडून ती बुजवली. दर थोड्या वेळानं डॉक्टर विचारायचे, "पायाची बोटं हलवा. दोन्ही पाय जाणवतात ना?" मणक्याच्या रक्तवाहिनीला धक्का लागलेला नाही ना, याची ती खात्री. सगळ्यात जाच झाला तो नंतर. पाय न वाकवता उताणं पडून राहायचं, आणि कंबर ठणकत असताना तास मोजत बसायचं. रक्त थांबलं. हा कायमचा इलाज नाही, पुढे दुसऱ्या वाहिन्या फुटू शकतात, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

टीबीच्या गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या. आणि इथे एक गोष्ट कळली ती माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची. बुरशीवरची गोळी इट्राकोनॅझोल आणि टीबीची रिफाम्पिसिन एकत्र चालत नाहीत. रिफाम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावते की इट्राकोनॅझोल रक्तात टिकतच नाही. 'टीबी असेल नाहीतर बुरशी असेल, दोन्ही चालू ठेवू' असा सोयीचा मार्ग घेतला तर बुरशीचं औषध चालू असूनही नसल्यासारखं. रिफाम्पिसिन बंद केल्यावरही तिचा असर उतरायला दोनेक आठवडे जातात.

इट्राकोनॅझोल दोनशे मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. ही कॅप्सूल नखरेल आहे. भरल्या पोटीच घ्यायची, कारण तिला पोटातलं आम्ल लागतं. मी बरीच वर्षं सकाळी पित्ताची गोळी घेत होतो, ती बंद. मॅडम म्हणाल्या, सोबत कोला घेतलात तरी चालेल, त्यानं ती जास्त शोषली जाते. जन्मात थंड पेय न पिणारा मी, जेवणानंतर डॉक्टरच्या सांगण्यावरून कोला पितोय, हे बघून नातवंडांनी आपापले पेले पुढे केले. कोलेस्टेरॉलची गोळी बदलली, कारण जुनी याच्यासोबत घेतली तर स्नायू दुखावतात. दम्याचा पंप वापरणाऱ्यांनीही डॉक्टरांना दाखवूनच ही गोळी घ्यावी, काही पंपांतलं स्टेरॉइड हिच्यामुळे अंगात साठत जातं.

दोन आठवड्यांनी औषधाची रक्तातली पातळी तपासायची होती. नमुना मुंबईला गेला. मिलिलिटरला निदान अर्धा मायक्रोग्रॅम पाहिजे, माझी त्याच्या निम्मीही नाही. मॅडमनी कॅप्सूल मागवली आणि कागदावर उघडली. आत साबुदाण्यापेक्षा बारीक पांढरे दाणे. दुसऱ्या कंपनीची उघडली. हिचे दाणे आणखी बारीक आणि संख्येनं कितीतरी जास्त. औषध त्या दाण्यांवर थरानं चढवलेलं असतं. दाणे बारीक आणि पुष्कळ, तर ते चांगलं विरघळतं. दोन्ही पाकिटांवर मिलिग्रॅम सारखेच छापलेले. कंपनी बदलली, पातळी वर आली. तेव्हापासून मेडिकलवाला "हे नाही, पण सेम कंटेंट आहे" म्हणाला की मी दुसऱ्या दुकानात जातो.

किती दिवस घ्यायची? आधी सहा महिने देण्याची पद्धत होती. चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतल्या डॉक्टरांनी सहा महिने आणि बारा महिने अशी तुलना केली आणि ती २०२२ साली छापून आली. दोन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण सहा महिनेवाल्यांत ३८ टक्के, वर्षवाल्यांत १०. मॅडमनी हे आकडे माझ्याच फाइलवर लिहून दिले आणि वर्षाचा कोर्स ठरला. आपल्याकडच्याच रोग्यांवर झालेलं काम, म्हणून मलाही ते पटलं.

वर्ष सोपं गेलं नाही. घोट्यावर सूज यायची, संध्याकाळी चप्पल रुतायची. रक्तदाब वाढला. हृदयाची सोनोग्राफी झाली, कारण हे औषध अशक्त हृदयाला झेपत नाही. पायाच्या बोटांना मुंग्या यायच्या, त्या अजून थोड्या आहेत. पण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात भूक लागायला लागली. बांधावर न बसता बागेची फेरी पुरी व्हायला लागली.

तपासणीच्या दिवशी बाकावर भेटणारी माणसं बघून कळलं की एकाच बुरशीचे आजार किती तऱ्हेचे. एका बाईंना लहानपणापासून दमा. त्यांना बुरशीची ॲलर्जी, बेडक्यातून तपकिरी रबरासारखे घट्ट तुकडे पडायचे, रक्तातली आयजीई, म्हणजे ॲलर्जीची प्रतिपिंडं, हजारांत. त्यांना स्टेरॉइडवर ठेवलं होतं. वरच्या मजल्यावर रक्ताच्या कर्करोगाचं औषध चालू असलेला एक पोरगा होता. त्याच्या पांढऱ्या पेशीच उरल्या नव्हत्या, तर बुरशी थेट रक्तवाहिन्यांत शिरलेली. त्याचं औषध वेगळं आणि घाईही वेगळी. माझा आजार त्याच्यापुढे निवांतच म्हणायचा.

या काळात बागेच्या औषधांच्या खोलीत गेलो होतो, हिशेब लावायला. फळीवर हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल. खिशात इट्राकोनॅझोलची पट्टी. पुढच्या भेटीत मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, सगळी ट्रायझोल, एकाच घराण्यातली. बुरशीच्या पेशीचं आवरण बनवणारा जो एक पदार्थ आहे, त्याचं कामच ही अडवतात. द्राक्षावरच्या भुरीचंही आणि माझ्या छातीतल्या बुरशीचंही. आता औषधांचा एकच गट सलग मारला की भुरी दाद देत नाही, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. तेच इकडेही होतं. शेतातल्या फवाऱ्यानं मातीतली ॲस्परजिलस सवकते आणि तीच पुढे कुणाच्या तरी छातीत जाते. नेदरलँड्समध्ये हे आधी लक्षात आलं. २०१२ साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी आपल्याकडच्या मातीतही अशी दाद न देणारी जात सापडल्याचं दाखवलं. अशाच धोक्यांमुळे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२मध्ये काढलेल्या बुरशींच्या यादीत फ्युमिगॅटसला सगळ्यात वरच्या गटात टाकलंय.

माझी बुरशी औषधाला दाद देणारी निघाली, हे नशीब. पण सल्लागार येऊन 'भुरीला परत ट्रायझोल घ्या' म्हणाला की पुतण्या आता माझ्याकडे बघतो. फवारणी बंद करून द्राक्ष येत नाही, हे मलाही कळतं. गट बदलून मारतो, गंधक जास्त वापरतो, आणि कंपोस्टच्या ढिगाकडे मी फिरकत नाही. एवढ्यावर आमचं भागलंय.

वर्षानंतरच्या सीटीमध्ये गोळा थोडा लहान आणि पोकळीची भिंत पातळ झालेली दिसली. गोळा पूर्ण गेलेला नाही, जाईलच असं कुणी म्हणालेलंही नाही. औषध बंद आहे. कपाटात रक्त थांबायच्या गोळ्यांची एक पट्टी असते आणि हिला सूचना पाठ आहेत : रेघ दिसली तर गोळी आणि फोन, कपभर आलं तर उजवी कूस आणि गाडी. दर तीन महिन्यांनी वजन, एक्स-रे, गरज वाटली तर आयजीजी. पुढची तारीख नेमकी फळछाटणीच्या आठवड्यात पडलीय. पंधरा दिवस पुढे ढकला म्हणून विनंती केली, मॅडमनी ऐकली नाही. मजुरांना एक दिवस आधी बोलावलंय.